अंबाजीची पाठ

मावळातल्या कान्ह्यात त्या काळी बैलगाडीचं चाक उतरवायचं म्हटलं की कुणी टेकू शोधत नसे, अंबाजीला शोधत. बैल सोडून झाडाला बांधायचे आणि त्याच्या दारात जाऊन म्हणायचं, "आबा, वंगण घालायचंय." एवढं पुरे. अंबाजी धोतराचा काचा मारायचा, डोक्याचं मुंडासं काढून पाठीवर घडी घालून ठेवायचा आणि गाडीच्या आखाखाली ओणवा व्हायचा. मग आख पाठीवर घेऊन हळूहळू गुडघे ताठ करायचा. चाक जमिनीपासून चार बोटं सुटलं की खीळ काढा, चाक उतरवा, आख पुसा, वंगण चोपडा, वाटलंच तर मधे तंबाखू मळा. अंबाजी तसाच. कुणी घाईनं काम उरकायला लागला तर खालूनच दटावायचा, "नीट लाव रं. पुन्याच्या वाटंवर चाक रडलं म्हंजी मलाच शिव्या देशील."

ते दिवसच गाड्यांचे होते. सुगी उरकली की आंबेमोहोराची पोती आणि पेंढा लादून मावळातल्या गाड्या ओळीनं पुण्याकडे निघायच्या. पहाटेच्या धुक्यात बैल दिसायचे नाहीत, नुसत्या घुंगरांवरून कुणाची गाडी ते कळायचं. त्या सगळ्या गाड्यांची चाकं कधी ना कधी अंबाजीच्या पाठीवरून उतरलेली. व्याही-पाहुणे आले तर गावकरी शेत नंतर दाखवत, आधी अंबाजी दाखवत.

हे गावाला दिसायचं. जे गावाला दिसत नव्हतं ते बयाबाईला, त्याच्या बायकोला दिसायचं.

अंबाजी साठीला टेकला होता. कोंबडं आरवलं की तो उठायचा, पण उठायच्या आधी कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन, दात आवळून बसता व्हायचा. बसल्यावर थोडा वेळ तसाच, मग भिंत धरून उभा. दिवे लागायच्या वेळी बयाबाई निर्गुडीचा पाला घालून कढवलेलं तेल वाटीत घ्यायची. अंबाजी माजघरात पाट घेऊन बसायचा, आणि बंडी काढायच्या आधी दर वेळी विचारायचा, "दार लावलंस का?"

"लावलंय."

"कडी?"

"कडी बी लावली. आता काय कुलूप आनू?"

मग तो पाठ पुढं करायचा. ती चोळायची आणि तो 'हं' सुद्धा करायचा नाही, कारण भिंतीपलीकडं भावकी राहायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बयाबाईची आई म्हणायची. बयाबाईनं ती मूठ चांगली घट्ट झाकून धरली होती. शेजारणींनी विचारलं, "मावशी, एवढं तेल कशाला कढवता?" तर ती स्वतःच्या गुडघ्यांना हात लावून दाखवायची. गुडघे तिचे अगदी धडधाकट होते.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या साली बुळकांडीची साथ आली आणि मावळातली जनावरं पटापटा मेली. कान्ह्यात दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्या. अंबाजीचे दोन्ही बैल एकाच आठवड्यात गेले. मोठा गेला तेव्हा अंबाजीनं त्याच्या शिंगांना तेल लावलं, धाकटा गेला तेव्हा गोठ्यात पाऊल टाकलं नाही. चैत्रात लोकांनी रोपांसाठी राब भाजून घेतले, पण पुढं भाताची खाचरं नांगरायची कशानं? माणसांनी जू खांद्यावर घेऊन पाहिलं. एका खाचराला नाकी नऊ आले.

तेव्हा कुणाला तरी शेटजींच्या ट्रॅक्टरची आठवण झाली. लोणावळ्यात बंगला असलेल्या मुंबईच्या एका शेटजींची कान्ह्यात आंब्याची बाग होती. त्यांनी फार वर्षांपूर्वी हौसेनं एक ट्रॅक्टर आणला होता, दातेरी लोखंडी चाकांचा. हौस फिटली तसा तो आंब्याखाली पडला आणि कोंबड्या त्याच्यावर बसू लागल्या. हौशीराम बंगल्यावर जाऊन विचारून आला. हा हौशीराम म्हणजे चाळिशीचा, तोंडाळ पण कामाला वाघ. शेटजी म्हणाले, चालू करा आणि आधी गावाचं नांगरा, मग माझं. कामशेतच्या इनायतभाईनं येऊन इंजिनाला बोलतं केलं. त्याचं सगळं आयुष्य लोणावळ्याच्या इंजिनशेडात गेलं होतं. पण मागच्या उजव्या चाकाची बेरिंग फुटलेली निघाली. ती बदलायची तर चाक उतरवायला हवं, आणि चाक उतरवायला ट्रॅक्टर उचलायला हवा.

हौशीराम अंबाजीच्या दारात आला.

"आबा, इर्जिक हाय परवा. समद्यांनी मिळून टॅक्टरचं चाक काढायचंय."

"येतो की."

"इनायतभाई जाक आनतोय लोणावळ्यासनं. पर तुमी असलेलं बरं."

"येतो म्हनलं न्हवं?"

हौशीराम जाताना उंबऱ्याशी वळला आणि बयाबाईकडं एकदा बघून गेला. बयाबाई चुलीपुढं होती. तिच्या हातातली भाकरी करपली. ट्रॅक्टर तिनं पाहिला होता. दहा गाड्या एकावर एक रचल्या तरी त्याच्या वजनाला येणार नाहीत. आणि तिला आपला नवरा माहीत होता. चार लोकांत ट्रॅक्टर उचलायची गोष्ट निघाली आणि कुणी नुसतं त्याच्याकडं पाहिलं, तरी हा माणूस मुंडासं काढणार.

"अवं," ती म्हणाली, "त्या धुडाखाली काय जायाचं न्हाई हां."

"मी कवा म्हनलं जातो?"

"मंग कशाला बोलावत्यात?"

"मान असतोय माझा," अंबाजी म्हणाला आणि भाकरीचा करपलेला भाग न काढता खाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी मीठमिरची आणायच्या निमित्तानं बयाबाई कामशेतला गेली. इनायतभाई घरापुढच्या निंबाखाली जॅकच्या आट्यांना वंगण लावत बसला होता. त्याच्या बायकोनं, रोशनबीनं, चहा दिला. चहा संपला तरी बयाबाईच्या तोंडून मूळ गोष्ट निघेना. परक्या माणसापुढं नवऱ्याची पाठ उघडी करायची म्हणजे काय सोपं होतं? शेवटी ती कपाला बघत म्हणाली, "त्यांची पाठ गेलीया. लय वर्सं झाली. गावात कुनाला ठावं न्हाई."

इनायतभाईनं चिंधी बाजूला ठेवली.

"वहिनी, इंजिनाखाली पाठ घालणारे दोघं मी पाहिलेत. दोघंही अंबाजीरावांसारखेच ताकदीचे होते. मी त्यांना जवळ येऊ देणार नाही."

"तसं करू नगा. जवळ येऊ नगा म्हनलं तर घरी येऊन जेवायचं न्हाईत. काम द्या कायतरी. पाठीच्या जवळचं, पर पाठीचं न्हाई."

इनायतभाई हसला. मग थोडा विचार करून म्हणाला, "आहे तसं एक काम. आणि खरं सांगू का, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे."

इर्जिकीच्या दिवशी सकाळीच अख्खं गाव बागेत जमलं. इर्जिक म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांचे हात, बदल्यात पोटभर जेवण आणि दिवसभर टिंगलटवाळी. पोरंसोरं, म्हातारे, जावई म्हणून आलेले सुद्धा आले. आंब्याखालची माती भुसभुशीत होती. इनायतभाईनं पहारीचं टोक तिच्यात खुपसून पाहिलं आणि म्हणाला, "इथं नाही. जॅक खाली जाईल आणि ट्रॅक्टर आहे तिथंच राहील. खळ्यावर न्या." दोर लावून, ढकलून, ओरडून लोकांनी ते धूड खळ्यावर नेलं. खळं चोपून दगडासारखं टणक झालेलं. गाव करी ते राव न करी, म्हणत लोक घाम पुसू लागले आणि आता एका दमात उचलू या म्हणून बाह्या सरसावू लागले.

इनायतभाई मात्र उचलायचं नावच घेईना. त्यानं ट्रॅक्टर गेअरमध्ये टाकला. जमिनीवर राहणाऱ्या तिन्ही चाकांना ती सरकू नयेत म्हणून पुढून-मागून दगडाच्या उट्या लावल्या. पुढचा आख मधल्या एका खिळीवर झुलणारा होता, एक बाजू उचलली की ट्रॅक्टर कलंडायचा, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी पाचरी ठोकल्या. जॅकखाली जाड फळी ठेवली.

"इनायतभाई," हौशीराम म्हणाला, "टॅक्टर उचलायचाय का निजवायचाय त्याला? उशी तेवढी ऱ्हायली."

"उशी पण आहे," इनायतभाई म्हणाला.

ओढ्यावरच्या साकवाचे रेल्वेचे जुने लाकडी सिलिपाट त्यानं आदल्या दिवशीच काढून आणवले होते. शिवाय निरनिराळ्या जाडीच्या फळ्या. तो अंबाजीपुढं येऊन उभा राहिला. अंबाजीनं मुंडासं काढून हातात घेतलंच होतं.

"अंबाजीराव, ही चवड तुमची. आखाखाली सिलिपाट आडवे-उभे रचायचे. जॅक थोडा उचलेल, तुम्ही लगेच फळी सरकवायची. पुन्हा थोडा उचलेल, पुन्हा फळी. जॅकचं काम उचलण्यापुरतं. धरून ठेवायचं काम चवडीचं. ती पक्की तर माणूस जिवंत."

"आन पाठ?"

"पाठ घरी न्यायची, आणली तशी. हात आत, अंग बाहेर. आणि बाकीच्यांनी कुणीही, मी सांगितल्याशिवाय, ट्रॅक्टरला बोट लावायचं नाही."

अंबाजीनं मान वळवून बायकांच्या घोळक्यात बयाबाईकडं पाहिलं. ती घाईनं भाताच्या पातेल्यावरची पाटी नीट करू लागली. त्याचा चेहरा पडला. ज्या माणसाला गाडी उचलायला बोलवायचे त्याला आज फळ्या सरकवायला बसवलं होतं, आणि तेही अख्ख्या गावापुढं. त्यानं मुंडासं पुन्हा डोक्याला बांधलं, वाकडंतिकडंच.

पण पहिला सिलिपाट हातात आला आणि त्याला काम कळलं. उचललेलं वजन कुठं टेकतं, कुठं सरकतं, कुठं एका अंगाला झुकतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं एक सिलिपाट डुगडुगतो म्हणून बाजूला काढला, दुसरा उलटा करून बसवला. इनायतभाई जॅकचा दांडा फिरवी, लोखंडी चाक खळ्यावरून सुटे, आणि अंबाजीची फळी आखाखाली असे. एवढी माणसं असून खळ्यावर जॅकच्या आट्यांचा आवाज ऐकू येत होता.

चाक निघालं. चौघांनी ते घरंगळत नेऊन बांधाला टेकवलं. इनायतभाईनं फुटकी बेरिंग काढली, रॉकेलनं सगळं धुतलं, नवी ठोकून बसवली. चाक परत चढवायला आख अजून थोडा वर हवा होता. त्यानं दांडा फिरवला. चवड आणि आख यांच्यात चार बोटांची फट पडली. अंबाजीनं एक जाड फळी उचलली, चवडीशी वाकला आणि फट बघायला म्हणून की काय, त्याचे खांदे आखाच्या खाली गेले.

ट्रॅक्टरच्या मागं हौशीराम, सोपान, बजरंग आणि गेणू उभे होते. इतका वेळ ते हाताची घडी घालून होते. अंबाजीची पाठ वाकलेली दिसली आणि चौघांचे हात एकदम पुढं गेले. कुणी कुणाला खूण केली नाही. त्यांनी मागची नांगर जोडायची दांडी धरली आणि वर रेटली.

ट्रॅक्टर बोटभर पुढं सरकला. एक उटी निसटली. जॅक तिरपा झाला.

बयाबाईनं सगळं पाहिलं. अंबाजीनं वर पाहिलेलं पाहिलं, त्याचे गुडघे वाकलेले पाहिले, खांदे रुंद झालेले पाहिले. ते खांदे कशासाठी रुंद होतात हे तिला माहीत होतं. तो आता आखाखाली पाठ घालणार होता. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, आताही तिच्या तोंडी ते आलं नाही.

"अवं, फळी," ती म्हणाली.

अंबाजीनं हातातली फळी फटीत घातली आणि मागं अंग टाकलं. आख खाली आला. फळी कडाडली, चवड करकरली, आणि आख तिथंच थांबला. जॅक खळ्यावर आडवा पडला.

मग इनायतभाई उठला. तो कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही त्यानं चढवला नाही. "कुणी ढकलला?"

चौघांचे हात अजून दांडीवरच होते.

"हौशा," अंबाजी खळ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "सांगितलं व्हतं ना, बोट लावायचं न्हाई म्हनून?"

"सवय, आबा," हौशीराम म्हणाला.

"कसली सवय?"

हौशीरामनं सोपानकडं पाहिलं. सोपान खाली बघू लागला.

"कसली सवय रं?"

"तुमी वाकला की मागनं हात लावायची."

अंबाजीला कळलं नाही. कुणालाच आधी कळलं नाही. मग हौशीराम दांडी सोडून पुढं आला, अंबाजीपुढं उकिडवा बसला आणि जमिनीकडं बघत बोलला.

"नंदीच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाडीचं चाक अडकलं व्हतं बगा. व्याही समोर उभं. तुमी आख घेतला आन तुमचं गुडगं थरथरलं. मी न सोपान मागं व्हतो, आमी गाडीचा साठा धरून उचलला. तुमी खाली तोंड करून, तुमाला काय दिसतंय? तवापासनं तुमी गाडीखाली गेला की आमी मागं. आमी नसलो तर दुसरं कुनी. समद्या गावाला म्हाईत हाय."

बयाबाई बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. नंदी म्हणजे तिची लेक. ते लग्न तिला लख्ख आठवत होतं. त्या दिवशी अंबाजी मांडवात येऊन तिच्या कानाशी म्हणाला होता, "अजून शाबूत हाय गं पाठ. फुलावानी लागली गाडी." कुरवंड्याच्या मावशीनं तिला लग्नाच्या थोडंच आधी निर्गुडीचं तेल सांगितलं होतं. तेलाचा गुण म्हणून तिनं त्या मावशीला लुगडं नेसवलं होतं. आणि मग इतकी वर्षं कडी लावून, दार लावून, गुडघ्यांचं खोटं सांगून आपण एकटीच ओझं सांभाळतोय असं ती समजत होती. पलीकडून अख्ख्या गावानं हात लावला होता आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. तिला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही.

अंबाजीनं मुंडासं काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी गाडी हलकी लागायची ती..."

"व्हय."

"मला वाटलं, तेलाचा गुन."

गेणूला हसू आलं, त्यानं ते दाबलं, आणि त्याचं दाबलेलं बघून बजरंगला आलं. शेवटी अंबाजीच हसला. हसता हसता त्यानं पाठीला हात लावला. चारचौघांत त्यानं पाठ धरलेली गावानं पहिल्यांदाच पाहिली.

"उचला जाक," तो म्हणाला. "पर मागं कुनी उभं ऱ्हायाचं न्हाई. पुढं या समदी, मला दिसाल असं."

उट्या पुन्हा लागल्या, जॅक पुन्हा उभा राहिला आणि चाक दुपार टळायच्या आत चढलं. त्या साली कान्ह्याची सगळी खाचरं नांगरून झाली. ट्रॅक्टर पुढं दोन पावसाळे चालला, मग काय बिघडलं ते इनायतभाईलाही उमगलं नाही आणि तो परत आंब्याखाली जाऊन बसला. कोंबड्यांनाही बरं वाटलं असेल. हळूहळू गावात बैल आले, गाड्या जुंपल्या, वंगणाचे दिवस परत आले. फक्त आता चाक काढताना आखाखाली सिलिपाटांची चवड रचत, आणि ती अंबाजीनं बघून बरी म्हटल्याशिवाय कुणी खिळीला हात लावत नसे. आता त्या गाड्या नाहीत आणि ती माणसंही नाहीत. धुक्यातल्या घुंगरांवरून गाडी ओळखणारं तर कुणीच उरलं नाही.

पण त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिली.

बयाबाईनं नेहमीसारखं तेल कढवलं आणि वाटी घेऊन माजघरात गेली. पाट रिकामा होता. अंबाजी बाहेर ओट्यावर बसला होता, घराकडं तोंड आणि रस्त्याकडं पाठ करून. बंडी काढून शेजारी ठेवलेली.

"आत चला की," ती म्हणाली.

"हितंच लाव."

"रस्ता हाय."

"असू दे."

ती त्याच्या मागं बसली. उजेड अजून होता. इतकी वर्षं ही पाठ तिनं दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात पाहिली होती. आज तिच्यावरचे सगळे वण दिसत होते, आखानं पाडलेला काळा घट्टा दिसत होता. तिनं तेल हातावर घेतलं. रस्त्यानं माणसं येत-जात होती, राम राम घालत होती, अंबाजी न वळता राम राम म्हणत होता.

हौशीराम खांद्यावर दोर टाकून खळ्यावरून आला. थांबला. चार पावलं पुढं गेला आणि परत फिरून ओट्याच्या कडेला टेकला. बयाबाईचा हात कुठं फिरतो ते बघू लागला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "डाव्या अंगाला चोळा जरा. तिकडं कलत्यात ते. आमी मागनं बगतो न्हवं."

बयाबाईनं हात डावीकडं नेला आणि दाबला.

"हां," अंबाजी म्हणाला. "तितंच."